माउलीच्या दारचे अर्जदार

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी जी पत्रं वाचून दाखवतात, त्यांचा घाट ठरलेला आहे. अडचण काय होती, किती बुधवार नेमानं आलो, मागणं कसं पुरं झालं, आणि मग आभार. खाली नाव नसतं. 'तुझी एक लेक' किंवा 'एक ऋणी कुटुंब', एवढ्यावर भागतं. मूलबाळ, लग्न, दारू सुटणं, घराचा ताबा, व्हिसा हे विषय येत-जात राहतात. नोकरी मात्र चुकत नाही. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो त्या दिवशी एका बाईचं पत्र होतं. नवऱ्याचं आखातातलं काम गेलं, तो परत आला, वर्षभर घरी बसून होता, आता ठाण्याला एका गोदामात सुपरवायझर म्हणून लागला. पगार आधीपेक्षा कमी आहे, हेही तिनं लिहिलं होतं. आभाराच्या पत्रात असला हिशोब कुणी मांडत नाही, म्हणून तो लक्षात राहिला.

बुधवारची ही नोव्हेना माहीममध्ये ८ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली. फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस यांनी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला अशी प्रार्थना पाहिली आणि ती इथं आणली. चर्च पोर्तुगीज काळापासूनचं, आजची इमारत १९७३ ची. नऊ बुधवार न चुकता यायचं, नित्य साहाय्य करणाऱ्या मातेच्या चित्रासमोर मेणबत्ती लावायची, मागणं कागदावर लिहून पेटीत टाकायचं. पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रार्थना चालते. इंग्रजी, कोंकणी, मराठी, हिंदी, तमिळ, ज्याला जी समजेल ती. गर्दीत मंगळसूत्रं आणि टिकल्या इतक्या असतात की ख्रिस्ती कोण हे शोधत बसण्यात अर्थ नाही. माहीम-माटुंगा-दादरच्या मराठी घरांत 'नऊ बुधवार कर' हा सल्ला 'सोळा सोमवार कर'च्याच सुरात दिला जातो.

बाहेर फुटपाथवर मेणाच्या वस्तू मिळतात. पाय दुखत असेल तर पाय, घर हवं असेल तर घर, मूल हवं असेल तर बाहुली. विक्रेत्याला विचारलं, नोकरीसाठी काय देता? त्यानं क्षणभर विचार केला. "परदेशातली पाहिजे तर विमान न्या. इथलीच पाहिजे तर साधी मेणबत्ती."

एक गोष्ट इथं स्पष्ट सांगायला हवी. मागण्याची पत्रं पेटीत पडतात. मोठ्यानं वाचली जातात ती बहुतेक आभाराची. ज्याला मिळालं तो लिहितो. नऊच काय, नव्वद बुधवार करूनही ज्याचा फोन वाजला नाही, त्याचा आवाज त्या लाउडस्पीकरवर कधी येत नाही. तेव्हा नोव्हेनेनं नोकरी लागते का, हा प्रश्न या पत्रांवरून सुटण्यातला नाही, आणि या लेखात मला तो सोडवायचाही नाही. नोकरी लागलेली नसताना, मधल्या महिन्यांत माणसाच्या हाती या श्रद्धेतून काय पडतं, ते पाहायला मी निघालो होतो.

महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म आणि नोकरी हे दोन शब्द शेजारी आले की एक जुना टोमणा आपोआप तिसरा येऊन बसतो : पोटासाठी बाटले. या टोमण्याला आपल्या साहित्यात एक चांगलं उत्तर आहे आणि त्याची सुरुवात नोकरीच्या शोधातच झाली. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरकडून राजनांदगावला निघाले होते. हातचं काम सुटलं होतं, त्या संस्थानात काही जमतंय का ते बघायचं होतं. रेल्वेच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला, गप्पा रंगल्या आणि निरोप घेताना त्यानं नव्या कराराची प्रत हातात ठेवली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढचं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त सांगितलं आहे. घर फुटलं, नातेवाईक तुटले, बायको-मूल काही वर्षं दुरावलं. पोटासाठी माणूस असले सौदे करत नाही. आणि नगरला मिशनच्या पगारावर आयुष्य बेतलेलं असताना १९१७ मध्ये टिळकांनी तो पगारही सोडून दिला आणि 'देवाचा दरबार' मांडला. नोकरी धरणं-सोडणं हा त्यांचा स्वभावच होता म्हणा, लक्ष्मीबाईंनी त्यावर हसून आणि रडून दोन्ही प्रकारे लिहिलंय. पण टोमणा मारणाऱ्यांनी तो भाग वाचलेला नसतो.

अर्थात टिळक म्हणजे सगळे नव्हेत. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं, आणि पुढच्या शंभर वर्षांत नगर जिल्ह्यातल्या महारवाड्या-मांगवाड्यांतून जे लोक ख्रिस्ती झाले त्यांच्या मुलांना मिशननं शाळेत घातलं, मग त्याच शाळेत मास्तर केलं. दवाखान्यात नर्स, कंपाउंडर, गावोगाव उपदेशक, बायकांमध्ये वाचायला जाणाऱ्या बायबल-बाया. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांना महिन्याचा पगार मिळू लागला. यात पोट होतंच. पोट असण्यात लाज काय, हे मला कधी कळलेलं नाही. सरकारी कचेरीत चिकटलेल्या कुणाच्या निष्ठेची अशी झडती आपण घेत नाही.

नगरमधले एक निवृत्त शिक्षक, तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती, मला म्हणाले, "आजोबांना मिशननं नोकरी दिली. वडिलांना दिली. मला शाळेत घेतलं तेही ओळखीनंच. माझ्या नातवाला मात्र मंडळी फक्त प्रार्थना देते." नातू इंजिनीअर आहे, पुण्यात खोली घेऊन राहतो, स्पर्धा परीक्षाही देतो. त्या अर्जांत एक रकाना येतो तिथं या घराची जखम आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. या प्रश्नावर केंद्रानं ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. सरांच्या चुलत घराण्यानं बौद्ध धम्म घेतला. एकच गाव, एकच आळी, पणजोबा एक. चुलतभावाच्या नातवाचा अर्ज एका रांगेत जातो, यांच्या नातवाचा दुसऱ्या. "आणि लोक म्हणतात नोकरीसाठी बाटले," सर म्हणाले आणि मोठ्यानं हसले. नातवाला हे सगळं कसं वाटतं, असं विचारलं तर म्हणाले, तो रविवारी पुण्यात चर्चला जातो, पुढच्या रांगेत गिटार वाजवतो. त्याला विचारलं नाही. विचारून त्याला अवघडवायचं कशाला?

धोबीतलावच्या चौकात जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. वरच्या मजल्यांवर गोव्याच्या गावांच्या नावांच्या पाट्या दिसतात. या कुडी. गावानं आपल्या माणसांसाठी मुंबईत चालवलेली बिऱ्हाडं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून. बोटींवर आचारी, स्टुअर्ड, खलाशी म्हणून जाणारे तारवटी मुंबईला यायचे, आगबोट कंपनीच्या कचेरीत हेलपाटे घालायचे, आणि जहाज मिळेपर्यंत कुडीत राहायचे. महिना, सहा महिने, कधी वर्ष. भाडं नाममात्र. माणसाची हद्द म्हणजे भिंतीला लावलेली त्याची पेटी आणि रात्री तिच्यासमोर पसरलेली सतरंजी. एका टोकाला आल्तार, त्यावर गावच्या रक्षणकर्त्या संताची मूर्ती. आणि नियम असा की संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चुकवायची नाही.

नोकरी शोधणाऱ्या माणसासाठी याहून शहाणी व्यवस्था मला तरी माहीत नाही. कुणीतरी फार विचार करून ती आखली असेल असं वाटत नाही. गावाला आपली पोरं शहरात बिघडू नयेत एवढीच काळजी असेल. पण परिणाम पाहा. दिवसभर एजंटच्या दारात बसून आलेला माणूस संध्याकाळी एकटा पडत नाही. आता क्रूझ कंपन्यांच्या मुलाखती ऑनलाइन होतात, मेडिकल आणि कोर्स झाले की तिकीटच येतं, कुडीत पूर्वीची वर्दळ नाही. तरी काही पेट्या आहेत. पन्नाशीचा एक तारवटी भेटला. जहाजावर भांडारी होता. २०२० मध्ये जहाजं जगभर थांबली तेव्हा घरी आला. नंतर पुन्हा गेला, पण आता वयामुळे करार मिळायला वेळ लागतो. तो म्हणाला, "जागा एक आणि आम्ही तिघे, असं पुष्कळदा व्हायचं. सकाळी तिघंही एकमेकांना न सांगता ऑफिसात. तिथं तोंडावर तोंड. आठ वाजता तेच तिघे गुडघ्यावर, एकामागून एक 'नमो मारिये' म्हणतोय. आता देव तरी कुणाचं ऐकणार?" मग, मी लिहून घेतोय हे पाहून, त्यानं जोडलं : "पण तेर्सानंतर राग राहत नसे. ज्याला मिळालं तो पार्टी द्यायचा."

जुन्या गोव्यात संत कायतान यांचं भव्य चर्च आहे. पर्यटक घुमटाचे फोटो काढतात आणि पुढे जातात. हा संत बेकारांचा कैवारी मानला जातो. अर्जेंटिनात ब्युनोस आयरेसच्या लिनिएर्स भागात ७ ऑगस्टला त्याच्या दारी भाकरी आणि काम मागणाऱ्यांची मैलोगणती रांग लागते. कुडीत मी ही गोष्ट सांगितली तर कुणाला ठाऊक नव्हती. त्यांचं काम आपापल्या गावच्या संताशी होतं. दुसऱ्या खात्यात अर्ज कशाला करायचा?

सगळीकडे चित्र इतकं भलं नाही. उपनगरांत भाड्याच्या हॉलमध्ये ज्या प्रार्थनासभा भरतात त्यांतल्या काहींची जाहिरातच नोकरी, व्हिसा आणि बढती अशी असते. तिथं साक्षी होतात : अमुकनं दशांश दिला, तमुक महिन्यात पॅकेज दुप्पट. माझा आक्षेप देणगीवर नाही. ज्याला नोकरी लागत नाही त्याला तिथं सांगतात की तुझा विश्वास कमी पडला. आधीच मुलाखतीत नापास झालेल्या माणसाला देवाच्या दारीही नापास करण्याचा हा उद्योग मला निर्दय वाटतो. माहीमला निदान असं कुणी म्हणत नाही. तिथं पुढचा बुधवार असतो.

वसईला गासमध्ये जिच्याशी बोललो ती तिशीच्या आसपासची, अविवाहित, बी.कॉम. अंधेरीच्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये होती. टॅली, जीएसटी रिटर्न, टीडीएस, सगळं हातचं. कंपनीनं ते काम बाहेरच्या एजन्सीला दिलं आणि पावसाळ्याच्या तोंडावर हिच्यासकट चौघांना पत्र मिळालं. आईनं चहाबरोबर सुकेळी आणून ठेवली, पानात बांधलेली, आणि तीही समोर बसली.

मुलीनं सुरुवात तक्रारीनं केली. 'उद्याची चिंता करू नका' हा उपदेश तिला पहिले दोन महिने ऐकवत नव्हता. पक्षी पेरत नाहीत, कापत नाहीत, हे ठीक आहे. पक्ष्यांना धाकट्या भावाच्या फीचा हप्ता नसतो. चर्चला जायची, पण मागं उभी राहायची आणि मिस्सा संपायच्या आत निघायची, म्हणजे दारात कुणी 'काय गं, सुट्टी का?' म्हणायला नको. सकाळी नोकरीच्या साइटवर अर्ज, दुपारी झोप, रात्री जाग. मुलाखतीत विचारत, मधला गॅप का? गॅप हा शब्द ती दाताखाली खडा आल्यासारखा उच्चारते.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. वसईच्या आळ्यांत या महिन्यात रोज एका घरी माळ होते; वीस-पंचवीस माणसं ओसरीत, पोरं अंगणात. प्रत्येक दशकाआधी, म्हणजे दहा मण्यांच्या फेरीआधी, कुणी ना कुणी हेतू सांगतं : अमक्याच्या ऑपरेशनसाठी, तमक्याच्या मृतात्म्यासाठी. माळ यांच्या घरी आली त्या दिवशी आईनं हेतू सांगितला. "माझ्या पोरीची नोकरी गेली, तिला काम मिळावं म्हणून."

"मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं," मुलगी म्हणाली. "पाच महिने मी सांभाळून ठेवलेलं हिनं आळीला वाटून टाकलं."

आई शांतपणे म्हणाली, "मग काय लपवायचं? चोरी केलेली का तू?"

त्या रात्री दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची बाय दारात; तिच्या जावयाच्या ओळखीत विरारला एक सीए आहे. दुपारी भाजीवाल्या काकांनी विचारलं, बाजार समितीतल्या एका व्यापाऱ्याचे हिशेब करशील का, महिन्याला थोडेच देईल. चर्चच्या नोटीस बोर्डावरचा एक कागद कुणीतरी फोटो काढून पाठवला. आणि जिचं नाव मुलीनं सांगितलं नाही अशी एक बालमैत्रीण येऊन बसली आणि म्हणाली की तिची स्वतःची नोकरीही एप्रिलपासून नाही. ती रोज सकाळी डब्यासकट वसई स्टेशनला जाते आणि संध्याकाळी परत येते.

यातून पक्की नोकरी लागली का? नाही. व्यापाऱ्याचे हिशेब ती करते, आठवड्यातून दोन दिवस. सीएनं भेटायला बोलावलं आणि उन्हाळ्यानंतर बघू म्हणाला. पण दारात 'सुट्टी का?' विचारणारं कुणी उरलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. ती आता मिस्साला पुढं बसते. शहरात नोकरी गेलेल्या माणसाला हे वाक्य उच्चारायला जागाच नसते. लिंक्डइनवर लिहायचं तर त्यालाही हसरा मुखवटा लावावा लागतो. नातेवाइकांत सांगायचं तर सल्ल्यांची खैरात. इथं एका म्हातारीनं ते माळेच्या मण्यांमध्ये सांगून टाकलं, पंचवीस जणांनी त्यावर दहा वेळा 'नमो मारिया' म्हटलं आणि विषय पुढच्या घरच्या आजारपणाकडे सरकला. मी पाहिलेल्या सगळ्या प्रकारांत मला जे काही उत्तर सापडलं ते या ओसरीत.

मग ती स्तोत्रसंहितेबद्दल बोलू लागली. फादरांनी सांगितलं होतं, देवाचे आभार मानवत नसतील तर भांडणारी स्तोत्रं वाच. दीडशे स्तोत्रांत जवळपास तिसरा हिस्सा तक्रारींचा आहे : किती दिवस हे असं, तू तोंड का फिरवलंस, शत्रू हसतायत. "हे चालतं हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. झोप लागत नाही तेव्हा ती सुबोध बायबल काढते. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं हे भाषांतर वसईच्या घराघरांत आहे, साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळालेलं. तिला मात्र त्याचं कौतुक मराठीत वाचता येतं म्हणून. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण रागवायला मराठीच लागते.

गासचं चर्च संत गोन्सालो गार्सिया यांचं. या माणसाचा जन्म वसईतलाच, १५५६-५७ च्या आसपासचा. बाप पोर्तुगीज, आई इथली. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर चढवलेल्या सव्वीस जणांत तो होता, आणि १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. प्रवचनात हुतात्म्याचं मरण येतं. मुलीला त्याच्या आयुष्याचा आधीचा भाग आवडतो. तरुणपणी तो जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, आठ वर्षं धर्मशिक्षक म्हणून राबला. संघात घ्या अशी विनंती करत राहिला; त्यांनी घेतलं नाही. शेवटी निराश होऊन निघाला, व्यापारात पडला, त्यात चांगला जमही बसला. पुढं मनिलाला फ्रान्सिस्कनांनी त्याला ब्रदर म्हणून घेतलं, आणि जपानला परत जाताना दुभाषा म्हणून त्याचीच गरज पडली.

"आठ वर्षं प्रोबेशनवर," ती म्हणाली. "आणि कन्फर्म केलंच नाही."

आईला ही थट्टा आवडली नाही. मी मात्र हसलो, आणि तीही. घरात एका कोनाड्यात झोपलेल्या संत योसेफाची छोटी मूर्ती होती. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये मनिलाला सांगितलं होतं की अशी एक मूर्ती ते टेबलावर ठेवतात आणि अडचण आली की चिठ्ठी लिहून तिच्याखाली सरकवतात. तेव्हापासून ती घरोघर दिसते. या मूर्तीखाली कागदांची गड्डी झाली होती, मूर्ती एका बाजूला कलंडलेली. काय काय आहे असं विचारलं तर आई म्हणाली, भावाची फी, माझा गुडघा, आणि हिचे अर्ज. प्रत्येक अर्जाची वेगळी चिठ्ठी, कंपनीचं नाव आणि तारीख घालून. नकार आला की मुलगी ती काढून टाकते. ज्यांचं उत्तरच येत नाही त्या तशाच राहतात, म्हणून गड्डी वाढलीय.

निघताना आई अंगणापर्यंत आली. मुलगी चपला घालून माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालली, मला तिथून वसई रोडला जायचं होतं. वाटेत तिनं विचारलं, तुम्ही वर्तमानपत्रात होता ना, मग पुष्कळ ठिकाणी ओळखी असतील. अकाउंट्समध्ये कुणाला हवं असेल तर बघाल का? प्रार्थना चालू आहेच, पण विचारायला काय हरकत? पगाराची अपेक्षा सांगितली, अंधेरीच्या पुढे जायची तयारी नाही हेही सांगितलं, आणि नंबर घेतला. बस माणिकपूरला पोचायच्या आत बायोडेटा माझ्या व्हॉट्सॲपवर होता. फाइलच्या नावात शेवटी 'फायनल ७' असं लिहिलं होतं.